नात आता कुठे गुटगुटीत दिसू लागली, मग डॉक्टर काळजीत का?

पत्र, सांगलीच्या एका आजींचे:

माझी नात नुकतीच चार वर्षांची झाली. जन्मली तेव्हा ती अवघी २.२ किलोची होती. पहिली दोन वर्षे तिच्या अंगाला काही लागतच नव्हते. येणारा-जाणारा ‘किती हडकुळी’ म्हणायचा. सून नोकरी करते, म्हणून तिला मीच सांभाळले, घास घास करून भरवले. सकाळी, चार वाजता आणि झोपताना असे तीन पेले म्हशीचे दूध, साखर घालून, हा नेम मी आजवर मोडलेला नाही. जेवताना मात्र ती मोबाइलशिवाय तोंड उघडत नाही. परवा बूस्टर डोसच्या वेळी डॉक्टरांनी वजन-उंची तक्त्यावर मांडली आणि ‘रेषा वर चालली आहे, लक्ष ठेवा’ म्हणाले. माझ्या यजमानांना मधुमेह होता, मुलालाही छत्तिसाव्या वर्षी निघाला, त्यामुळे सूनबाई घाबरली. तिने तूप, भात, बटाटा सगळे बंद केले आहे आणि पोर रात्री भूक लागली म्हणून रडते. अंगणवाडीच्या कार्डावर तर तिचे वजन हिरव्या पट्ट्यात आहे! चार वर्षांच्या मुलीला कुणी डाएटवर ठेवते का? आणि माझे काही चुकले का? नोंदी सोबत पाठवत आहे: एक वर्षाची असताना ७.४ किलो, दोन वर्षांची असताना ९.३ किलो, ८२ सेंमी. तीन वर्षांची असताना १२.८ किलो, ९२ सेंमी, आता १७.८ किलो, १०१ सेंमी.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपण वजनाबरोबर उंचीच्याही नोंदी जपून ठेवल्यात, हे फार चांगले केलेत. एरवी अशा पत्रांत ‘वजन खूप वाढले आहे’ एवढेच लिहिलेले असते आणि उत्तर अंदाजाने द्यावे लागते. आपल्या नोंदींवरून नातीची चार वर्षांची वाट जवळजवळ पूर्ण दिसते, म्हणून मी आधी तीच आपल्यासमोर उलगडते.

पहिला प्रश्न हिरव्या पट्ट्याचा. कार्डावरचा तो पट्टा वयाच्या मानाने वजन दाखवतो आणि मूल कुपोषणाकडे तर चाललेले नाही ना, हे वेळीच कळावे हा त्याचा मुख्य हेतू असतो. चार वर्षांच्या मुलीचे मधले वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यांप्रमाणे १६.१ किलो असते. त्यामुळे आपल्या नातीचे १७.८ किलो त्या पट्ट्यात सहज बसते. कार्ड खोटे बोलत नाही आणि डॉक्टरही नाहीत. डॉक्टरांनी पाहिले ते वेगळे आहे: हे वजन किती उंचीवर आहे, आणि ते तिथवर किती वेगाने आले.

त्यासाठी बीएमआय काढतात, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागतात. आपल्या नोंदींवरून तो दोन वर्षांच्या वयात १३.८ येतो, तीन वर्षांच्या वयात १५.१ आणि आज जवळपास १७.५. याच वयांना मुलींचा मधला आकडा अनुक्रमे १५.७, १५.४ आणि १५.३ असतो. मधली रेषा हळूहळू उतरते आहे आणि आपली नात मात्र तळापासून चढत चढत, तिसऱ्या वर्षी त्या रेषेला भेटून, चौथ्या वर्षी तिच्या बरीच वर गेली आहे. चार वर्षांच्या मुलीला तक्त्यावर १८.५ च्या पुढे जादा वजनाची म्हणतात. ती तिथे पोहोचलेली नाही, १६.८ ते १८.५ हा धोक्याची सूचना देणारा टप्पा असतो, त्यात ती आहे. म्हणून डॉक्टरांनी ‘लठ्ठ आहे’ म्हटले नाही, ‘लक्ष ठेवा’ म्हटले. ते शब्द त्यांनी नेमके वापरले आहेत.

मधली रेषा उतरते, म्हणजे काय, हे इथे थोडे सविस्तर लिहिते, कारण घरोघरी होणाऱ्या गैरसमजाचे मूळ तिथेच आहे. बाळसे हा शब्दच बाळाचा आहे. पहिल्या वर्षात मूल चरबी साठवते, मनगटाला वळ्या पडतात, मांड्या भरतात, आणि उंचीच्या मानाने वजन पहिल्या वर्षातच कधीतरी शिखराला पोहोचते. मग मूल चालू लागते, धावू लागते, उंची काढते, आणि बाळसे ओसरते. दुसऱ्या वर्षानंतर मूल वर्षाला साधारण दोन ते सव्वादोन किलोच वाढते, उंची मात्र सहा-सात सेंटिमीटर किंवा थोडी अधिकच वाढते. परिणामी तीन-चार वर्षांचे निरोगी मूल लांबुडके, पोट आत गेलेले, हात वर केले की बरगड्यांची पुसट ओळ दिसणारे असे असते. याच वयात त्याची भूकही पहिल्यासारखी राहत नाही, आणि ती राहायची नसतेच. पण घरातल्यांना वाटते की मूल वाळले, आणि त्याच सुमाराला घास भरवण्याची मोहीम सुरू होते.

पाच-सहा वर्षांच्या आसपास ही रेषा तळ गाठते आणि पुन्हा हलकेच वर वळते. या वळणाला डॉक्टर ॲडिपॉसिटी रिबाउंड म्हणतात. आपण त्याला परतीची चढण म्हणू. १९८४ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवले की ज्या मुलांची परतीची चढण साडेपाच वर्षांच्या आधीच सुरू होते, ती पुढे जाऊन, सात वर्षांनंतर चढणीला लागणाऱ्या मुलांपेक्षा अधिक जाड होतात. लवकर सुरू झालेली चढण हा काही रोग नव्हे. उंचीच्या मानाने वजन आपली वाट सोडून वरच्या वाटेला लागले आहे, एवढीच ती खूण असते. पण ती खूण मूल डोळ्यांना जाड दिसण्याच्या कितीतरी आधी उमटते, म्हणून तिचे मोल मोठे.

आपल्या घराच्या बाबतीत मला ही खूण अधिक महत्त्वाची वाटते ती दोन कारणांनी: नातीचे जन्मवजन आणि घरातला मधुमेह. या विषयावरचे जगातले काही महत्त्वाचे काम आपल्या महाराष्ट्रातच झालेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. एवढा फरक असूनही खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी आपल्या बाळांत फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. दिसायला बारीक, पण आतून चरबी राखून असलेले असे हे बाळ असते. पुढे त्याला गरजेपेक्षा जास्त मिळू लागले की ते जास्तीचे चरबीच्या खात्यात लवकर जमा होते.

याच रुग्णालयात जन्मलेल्या ४७७ मुलांची आठव्या वर्षी तपासणी झाली, तिचा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. इन्शुलिनला शरीर दाद न देण्याची लक्षणे सर्वांत जास्त कुणात आढळली, तर जी मुले जन्मताना लहान होती आणि आठव्या वर्षी मोठी झाली होती त्यांच्यात. दिल्लीतला अभ्यास तर आपण दोघींनीही मनावर घ्यावा असा आहे. तिथे १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या मुलांची वजने-उंच्या लहानपणापासून नोंदल्या गेल्या, आणि त्यांतल्या सुमारे दीड हजार जणांची तिशीच्या आसपास रक्तातली साखर तपासली गेली. ज्यांना मधुमेह झाला होता किंवा त्याच्या उंबरठ्यावर जे होते, ते पहिल्या दोन वर्षांत इतरांपेक्षा बारीक होते, आणि नंतर त्यांची परतीची चढण लवकर सुरू झालेली होती. त्यांतला एकही जण बाराव्या वर्षी लठ्ठ नव्हता. आईबापांना किंवा शाळेला खटकावे असे त्या मुलांत तेव्हा काहीच दिसत नसणार.

आता आपल्या मनाला लागून राहिलेला प्रश्न: माझे चुकले का? पहिल्या दोन वर्षांपुरते मी ठामपणे सांगते, नाही. २.२ किलोच्या बाळाला वाढवणे सोपे नसते, आणि त्या काळात तिला मिळालेल्या प्रत्येक घासाचे तिच्या शरीराने सोने केले आहे. ब्राझील, ग्वाटेमाला, भारत, फिलिपिन्स आणि दक्षिण आफ्रिका या पाच देशांतल्या नोंदी एकत्र करून २०१३ मध्ये एक मोठा अभ्यास मांडला गेला. पहिल्या दोन वर्षांत उंचीने चांगली वाढलेली मुले पुढे उंच होतात आणि अधिक शिकतात, असे त्यात दिसले. उंचीला मागे टाकून वजन झपाट्याने वाढण्याचा तोटा मुख्यतः त्या वयानंतर दिसतो, जादा वजन आणि रक्तदाब या रूपांत. आपल्या नातीची उंचीही दोन वर्षांत १९ सेंटिमीटर वाढली आहे, ती या वयाच्या सर्वसाधारण वाढीपेक्षा थोडी जास्तच आहे, आणि ती आपल्या हातच्या खाण्याची कमाई आहे. तिसऱ्या वर्षी तिचा आकडा मधल्या रेषेला भेटला, तेव्हा मागची थकबाकी फिटली होती. तिथे भरवणारा हात सैल व्हायला हवा होता, तो झाला नाही. गेल्या एका वर्षात ती ५ किलो वाढली, सर्वसाधारण वाढीच्या दुपटीहून अधिक. हा दोष मी आपल्याला देणार नाही, कारण ‘आता पुरे’ हे आपल्याला त्या वेळी कुणी सांगितलेच नाही. बारीक मुलाच्या आईला आणि आजीला सल्ले देणारे शंभर असतात. मूल वाटेवर आल्याचे कळवणारा बहुधा कुणी नसतो.

सूनबाईंची भीती खरी आहे, पण उपाय चुकीचा आहे, हे त्यांना माझ्या नावाने सांगा. चार वर्षांच्या मुलाला उपाशी झोपवायचे नसते, आणि तिचे एक ग्रॅम वजनही कमी करायचे नाही. १०१ सेंटिमीटर उंचीला मधल्या रेषेप्रमाणे साडेपंधरा किलोच्या जरा पुढचे वजन बसते, म्हणजे तिच्याकडे दोन किलोंच्या आसपास जास्तीचे आहे. पुढच्या वर्षी ती सहा-सात सेंटिमीटर उंच होईल. त्या काळात वजन एखाद्या किलोनेच वाढले, तर तिचा आकडा १७.५ वरून सव्वासोळापर्यंत आपोआप उतरतो. वजन जरा थांबवायचे आणि उंचीला पुढे जाऊ द्यायचे, एवढाच या वयातला उपचार आहे. भात, बटाटा, तूप यांच्यावर बंदी घालून मुलाच्या मनात त्या पदार्थांची हाव मात्र रुजते.

मग कमी काय करायचे? आपण दिवसाचा जो क्रम कळवला आहे, त्यात माझी नजर प्रथम दुधावर गेली. म्हशीच्या दुधाचा २०० मिलिलिटरचा पेला म्हणजे निदान २०० कॅलरी. असे तीन पेले आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली, तर दिवसाला सातशेच्या वर कॅलरी ती नुसत्या पिते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या हिशेबाप्रमाणे चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज साधारण १,३६० कॅलरींची आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक पोट ताटावर बसण्याआधीच भरलेले असते! अशी मुलगी जेवताना तोंड फिरवते हे नवल नव्हे. ती आपल्याला सांगते आहे की मला भूक नाही. आपण मोबाइल पुढे धरतो, तिची नजर तिकडे वळते आणि घास आत जातो. भूक नसताना गिळायला आपण तिला शिकवत असतो, आणि मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त काळजी वाटते ती याचीच. काऊचा घास, चिऊचा घास करत भरवतानाही आपण मुलाला फसवतच असू, पण त्या खेळात मुलाचे डोळे आपल्याकडे असत, त्याने मान फिरवलेली आपल्याला दिसे आणि उरलेला घास खरोखरच अंगणातल्या कावळ्याला जाई.

तेव्हा दूध दिवसाला दोन छोटे पेले, मिळून ४०० मिलिलिटरच्या आत, साय काढून आणि शक्यतो बिनसाखरेचे. एकदम साखर बंद केली तर ती दूधच नाकारील. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलात तर महिन्या-दीड महिन्यात तिच्या लक्षातही येणार नाही. झोपतानाचा पेला आधी बंद करा, त्याने दातही वाचतील. दुधात घालायची चॉकलेटी पावडर घरात असेल, तर तिच्या डब्यावरचा साखरेचा आकडा सूनबाईंना वाचायला सांगा. जास्त दुधाचा आणखी एक तोटा असा, की दुधात लोह नगण्य असते आणि दुधाने पोट भरलेली मुले डाळी, पालेभाज्या, अंडे यांना शिवत नाहीत. म्हणून वजन जास्त आणि रक्त कमी, अशी जोडी अनेकदा पाहायला मिळते. तिचे हिमोग्लोबिन पुढच्या भेटीत जरूर पाहून घ्या.

दूध कमी झाले की आठवड्याभरात तिला खरी भूक लागू लागेल. त्या वेळी ताटात वरण-भात आणि वर एक चमचा तूप, भाकरी किंवा पोळी, उसळ, भाजी, कोशिंबीर, घरात चालत असेल तर अंडे, असे सगळे असावे आणि सगळ्यांबरोबर असावे. काय वाढायचे आणि किती वाजता, हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे हे तिचे तिला ठरवू द्यावे. ती चौथ्या घासाला उठली, तरी मागे ताटली घेऊन फिरू नका, आणि अर्ध्या तासाने बिस्किटेही देऊ नका. पुढच्या खाण्याच्या वेळेपर्यंत थांबा. पहिले चार-पाच दिवस आपल्या जिवाची घालमेल होईल, हे मला ठाऊक आहे. माझ्याकडे येणाऱ्या आज्यांपैकी बहुतेकींना घास कमी करणे जड जात नाही, पोर ताटावरून उठताना गप्प बसणे जड जाते.

हालचाल आणि झोप यांविषयी थोडक्यात लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीप्रमाणे या वयाच्या मुलाने दिवसभरात मिळून तीन तास हलते-खेळते असावे, त्यातला एक तास चांगले दमवणारा असावा. पडद्यासमोर एका तासाहून जास्त बसू नये. आणि दुपारची धरून दहा ते तेरा तास झोपावे. संध्याकाळी तिला अंगणात किंवा गच्चीवर मोकळे सोडा, बाकीचे ती पाहून घेईल. रात्री उशिरा झोपणाऱ्या मुलांचे वजन अधिक वाढते असे अनेक अभ्यासांत दिसले आहे, म्हणून साडेनऊच्या आत दिवा मालवलेला बरा.

थायरॉइडची किंवा हॉर्मोन्सची तपासणी करावी का, असे सूनबाईंच्या मनात येईल. हॉर्मोन्सच्या बिघाडाने वजन वाढते तेव्हा उंची सहसा खुंटते. आपल्या नातीची उंची जोमाने वाढते आहे, तेव्हा त्या दिशेने जाण्याचे आज कारण दिसत नाही. तिची साखरही आत्ता तपासण्याची गरज मला वाटत नाही. मात्र उंची वाढायची थांबली, मानेच्या मागे किंवा काखेत कातडी काळवंडून मखमलीसारखी जाड झाली, किंवा झोपेत घोरताना श्वास मध्येच अडकू लागला, तर पुढच्या नेमलेल्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. आणि मधुमेहाचा विषय निघालाच आहे तर चिरंजीवांचे ताटही याच घरातले आहे. मुलीसाठी आणलेली बिस्किटे आणि फरसाण घरात आलेच नाही, तर त्यांचेही पथ्य न बोलता सांभाळले जाईल.

वजन दर तीन महिन्यांनी, एकाच काट्यावर, हलक्या कपड्यांत करा. दर आठवड्याला काट्यावर उभे करू नका. उंची मोजताना टाचा, कुल्ले आणि खांदे भिंतीला टेकलेले असावेत, डोक्यावर पुस्तक आडवे सपाट धरावे आणि भिंतीवर पेन्सिलीने खूण करावी. चपला आणि वेणीचा अंबाडा यांनी दोन सेंटिमीटर सहज चुकतात. पाच वर्षे पूर्ण झाली की डॉक्टर भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये केलेले तक्ते वापरतील. आपल्या लोकांना कमी वजनावरही मधुमेहाचा धोका असतो हे ध्यानात घेऊन त्यांत सावधगिरीची रेषा थोडी खाली ओढली आहे. तेव्हा तक्ता बदलल्यावर नातीची खूण त्या रेषेला एकदम जवळ आलेली दिसली, तर एका महिन्यात काही बिघडले असे समजू नका.

तिच्यासमोर ‘जाडी’, ‘गोलू’, ‘वजन’ हे शब्द कुणीही उच्चारू नयेत, लाडानेसुद्धा. दोन वर्षांपूर्वी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तिला हडकुळी म्हटलेले आपल्याला अजून बोचते आहे. हे शब्द तर तिला स्वतःला कळण्याच्या वयात येतील.

सणावारांचे काय, असे आपण विचारलेले नाही, पण सूनबाईंशी पुढचा वाद त्यावरूनच होईल, म्हणून सांगते. गणपतीत पंगतीला सगळ्यांच्या पानात मोदक वाढला जाईल तेव्हा तिच्याही पानात वाढा, फोडून त्यावर तूप घाला, आणि तो तिचा तिला खाऊ द्या. दुसरा तिने मागितला तर अर्धा द्या. तिने मागितला नाही, तर आपण होऊन वाढू नका.